गच्चीवरच्या चान्या

मी गाव सोडलं त्या दिवशी कंधारच्या स्टँडवर आम्ही तिघं उभे होतो. मी, माय आणि बा. नांदेडला नर्सिंगला माझा नंबर लागला होता. बानं माझी पत्र्याची पेटी स्वतः वळलेल्या दोरीनं अशी आवळली होती की नांदेडला पोचल्यावर ती सोडवायला शेजारणीकडून विळी मागून आणावी लागली. दोर वळणं हा आमचा पिढीजात धंदा. बाच्या हातचं दावं गळ्यात नाही असा बैल गावात शोधून सापडला नसता. बा त्या दिवशी पेटी टपावर नीट ठेवली नाही म्हणून कंडक्टरशी भांडत राहिला. मायनं गाडी हलता हलता खिडकीतून एक डबा आत सरकवला आणि तोंड अगदी कानाशी आणून म्हणाली, "दार लावून उघड, माय. कुनी इचारलं तर सुकट हाय म्हन."

डब्यात चान्या होत्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या जनावराच्या मटणाच्या लांब, पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची आणि दोरीवर टांगून कडक उन्हात वाळवायच्या. वाळून काळ्याभोर, लाकडासारख्या कडक झाल्या की मोडून डब्यात भरायच्या. मग पावसाळ्यात, घरात काहीच नसेल त्या दिवशी, दोन तुकडे निखाऱ्यावर भाजायचे, दगडानं ठेचायचे आणि गरम भाकरीबरोबर खायचे. आमच्या मांगवाड्यात हे सगळ्यांच्या घरी होतं आणि हे कुणी कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

हे मी वाड्यातल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय. जे अजून तिथंच आहात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे नांदेड, पुणे, हैदराबाद करत निघून गेलात त्यांच्यासाठीही. तुमच्यातले काही म्हणतील, कंधारहून नांदेडला आणि पुढे लातूरला गेली, यात कसलं आलंय स्थलांतर? सकाळी बसलं तर जेवायच्या वेळेला माणूस पोचतं. खरंय. पण मायनं डबा देताना आवाज खाली केला होता ना, ते अंतर कापायला मला अर्धं आयुष्य लागलं. तुम्हीही ते कापत असणार, म्हणून लिहितेय.

नांदेडच्या खोलीत माझ्याबरोबर दोन मुली होत्या. मी त्या बाहेर गेल्या की दार लावून गॅसवर चानी भाजायची. एकदा एक जण लवकर परत आली, दारातच थांबून नाकानं हुंगलं आणि म्हणाली, "वास लई भारी येऊन राहिलाय गं. काय हाय?" मी म्हटलं, सुकट. ती म्हणाली, "आमचं घर माळकरी, न्हाई तर मागितलीच असती." मी हसले. पण ती आंघोळीला गेल्यावर मी खिडकी उघडून टॉवेलनं वास बाहेर घालवत बसले. हे सगळं तेव्हा मला अगदी साहजिक वाटायचं. आपलं जेवण हे वारा घालून हाकलायचं असतं असंच वाटायचं.

पुढे लातूरला दवाखान्यात नोकरी लागली. उदगीरच्या दत्ताशी लग्न झालं. तो कॉलेजात क्लार्क आहे. आम्ही औसा रोडच्या मागच्या बाजूला एका छोट्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आठ घरं, एक पार्किंग, एक गच्ची. बिल्डिंगमध्ये मला कुणी कमल म्हणत नाही, सगळे सिस्टर म्हणतात. कुणाचं बीपी बघ, कुणाला इंजेक्शन दे, कुणाच्या सासूची पट्टी बदल. मी कोणत्या वाड्यातली हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत नसल्यासारखं वागणं हा त्यांनी स्वतःचा मोठेपणा मानला होता, आणि ते तसं वागतात म्हणून मीही कुठं उगाच आठवण करून द्यायला जात नव्हते.

बा गेल्यावर माय गावात एकटी पडली. धाकटा भाऊ विलास अमेरिकेत, मी इथं. तिचे गुडघे गेलेले. या थंडीत मी तिला जवळजवळ उचलूनच लातूरला आणलं. माझी एकच इच्छा होती, तिनं आता माझ्याजवळ राहावं. ती राहिली, पण कशी? ज्या बाईनं बांधावरून हाक मारली की ओढ्यापलीकडची माणसं वळून बघायची, ती माझ्या घरात कुजबुजायला लागली. पाणी मागायचं तरी कुजबुजून. मी म्हणायची, माय, मोठ्यानं बोल की. ती फरशीकडं बोट दाखवायची, "खाली लोकं हायत." आणि रोज सकाळी चहा झाला की विचारायची, "कवा सोडतीस मला गावाला?" रोज. मी विषय बदलायची आणि ड्युटीवर निघायची.

अशात विलासनं एक फोटो पाठवला. पेट्रोल पंपाच्या दुकानात काउंटरजवळ चकचकीत पाकिटं टांगलेली, त्यांच्यावर बैलाचं चित्र. खाली लिहिलेलं, "ताई, चान्या!" मग फोनच आला. म्हणाला, ताई, इथं गाडीत पेट्रोल भरता भरता लोक चान्या चघळतात. ऑफिसातला एक जण घरी करतो, डब्यातून आणतो, सगळ्यांना वाटतो. त्याचं बघून विलासनंही वाळवायचं मशीन घेतलं होतं. "मी पण नेल्या ताई, मायच्या पद्धतीच्या, नुसतं मीठ आणि हळद. सगळे रेसिपी मागायला लागले."

मी तो फोटो मायला दाखवला. तिनं फोन लांब धरून बराच वेळ बघितला आणि कुजबुजली, "त्याला म्हन, असले फोटू काढू नको. सायबानं बघितलं तर नोकरी जाईल."

मी हसायला गेले आणि मला एकदम संताप आला. मायचा नाही. तिला हे शिकवणाऱ्या सगळ्यांचा. तिकडं पेट्रोल पंपावर दिवे लावून विकतात ते माझ्या आईनं जन्मभर दार लावून का खायचं?

एक गोष्ट इथंच स्पष्ट करते, कारण आपल्यातलेच शिकलेले लोक आता डोळे वटारतील. मला माहीत आहे, गावातलं मेलेलं जनावर ओढायचं आणि त्याचं खायचं हे आपल्यावर लादलेलं होतं. बाच्या पिढीनं ते सोडलं, गावाशी भांडून सोडलं, मार खाऊन सोडलं. त्याचा मला अभिमान आहे. पण सोडायचं होतं ते ओढणं. मायच्या हातातलं कसब का सोडायचं? उन्हाचा अंदाज, मिठाचा अंदाज, सुरीची धार, हे काही गावानं तिला भिकेत दिलं नव्हतं. ते तिचं होतं. मला कुणी मागासलेली म्हणत असेल तर खुशाल म्हणा. मी दुकानातून म्हशीचं आणते, कायद्यानं मिळतं तेच, परवान्याच्या दुकानातून, रोख पैसे देऊन. यापुढे कुणाला स्पष्टीकरण देणार नाही.

आता आमच्या गच्चीविषयी. उन्हाळा लागला की बिल्डिंगमध्ये वाळवणाचे नंबर लागतात. आज पहिल्या मजल्याच्या कुरडया, उद्या दुसऱ्याचे पापड. ज्या घराचा नंबर असेल तिथं सगळ्या बायका मदतीला. याची सगळी सूत्रं तळमजल्याच्या सुलभावहिनींकडे. निलंग्याकडच्या शेतकरी घरातल्या, हाताला चव, जिभेला धार. मला कुरडयांचा चीक शिजवायला त्यांनीच शिकवलं, हेही सांगायला हवं. त्यांनी एक नियम घालून दिलेला आहे: ढग आधी ज्या बाईला दिसेल तिनं सगळ्यांचं वाळवण उचलायचं. आपलं-परकं बघायचं नाही. इतकी वर्षं मी किती जणींचे पापड छातीशी धरून जिना उतरलेय त्याला गणती नाही.

यंदा माझा नंबर आला. पार्किंगमध्ये सगळ्या बसलेल्या असताना सुलभावहिनींनी विचारलं, "सिस्टर, तुमचं काय? कुरडया का साबुदाण्याच्या चकल्या?"

मी म्हटलं, "चान्या."

दोघी-तिघींना शब्दच माहीत नव्हता, त्या एकमेकींकडं बघत बसल्या. सुलभावहिनींना माहीत होता. गावात वाढलेल्या बाईला माहीत नसेल कसा? त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, मग त्या सावरून म्हणाल्या, "सिस्टर मस्करी करून राहिल्यात." मी म्हटलं, मस्करी नाही. मग मी काय असतं ते समजावून सांगितलं, मीठ-हळदीसकट. त्या दिवशी बैठक लवकर उठली.

दत्ता घरी आला तोवर त्याच्या कानावर आलंच होतं. म्हणाला, "कमल, घर आपलं आहे. इथंच राहायचंय आपल्याला."

"आपलं आहे म्हणूनच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच गाडी काढून मला दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं विचारलं, "चान्यां के वास्ते? फिर तो रान का लो बाजी, रेशा लंबा आता." रान म्हणजे मांडीचं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हे नाव साध्या आवाजात घेतलं होतं. मला त्या माणसाचे आभार मानावेसे वाटले. मी नुसतं मटण थोडं जास्त घेतलं.

माय मात्र स्वयंपाकघरात पाऊल टाकायला तयार नव्हती. मी एकटीच ओट्याशी कापायला लागले. मला जमेना. पट्टी जराशी लांब झाली की तुटायची. चानीचं सगळं कसब ती न तुटण्यात आहे. आमच्या वाड्यात बायका एकमेकींच्या चानीची लांबी बघून बोलायच्या. माय दारातून बघत होती. तुकड्यांचा ढीग वाढत गेला तशी तिची चुळबुळ वाढत गेली, आणि शेवटी तिला राहवलं नाही.

"सुरी काय फिरवतीस? सुरी जागच्या जागी धर. गोळा फिरव, गोळा!"

ती आत आली, खाली फरशीवर बसली आणि माझ्या हातातून गोळा घेतला. सुरी तिनं पायाच्या अंगठ्याशी टेकवून धरली आणि गोळा धारेवर हळूहळू फिरवत गेली. सोललेल्या सालीसारखी एकच पट्टी सुटत सुटत तिच्या मांडीवर उतरली. सगळं मटण तिनंच कापलं, तिनंच मीठ लावलं. मग हात धुऊन पुन्हा कुजबुजली, "वाळत घालायचं तुझं तू बघ. म्या वर येनार न्हाई."

पाण्याच्या टाकीपासून डिशच्या खांबापर्यंत मी बाच्या हातची दोरी बांधली आणि चान्या टांगल्या. मदतीला कुणी आलं नाही. दुपारी बिल्डिंगच्या ग्रुपवर चेअरमन काकांचा मेसेज पडला: गच्चीवर आक्षेपार्ह वस्तू वाळत घालू नयेत. मी लिहिलं, ती वस्तू नाही, अन्न आहे. रविवारी आठातल्या सहा घरांतून मटणाचा वास येतो, दुसऱ्या मजल्यावर बोंबील वाळतात, तेव्हा हा नियम कुठं असतो ते कळवावं. खाली माझं नाव आणि फ्लॅट नंबर टाकला. सगळ्यांनी वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवरून परत येत होते तर आभाळ एकाएकी भरून आलं. आमच्याकडं उन्हाळ्यात अवकाळी कधी गाठेल सांगता येत नाही. पार्किंगमध्ये गाडी लावली तोवर टपोरे थेंब सुरू झाले. मी जिन्याकडं पळाले. समोरून बायका खाली उतरत होत्या, डोक्यावर पापडांच्या चादरी, कुरडयांच्या परड्या. सुलभावहिनी सगळ्यांत मागं होत्या. मला बघून त्या म्हणाल्या, "उचललं सगळं, सिस्टर," आणि वाक्य संपता संपता त्यांनी नजर खाली घातली.

मी वर पोचले. गच्ची झाडून काढल्यासारखी स्वच्छ होती. कोपऱ्यातली माझी दोरी तेवढी भरलेली. आणि त्या दोरीखाली माय उभी होती. तिसऱ्या मजल्यावरून, ते गुडघे घेऊन, ती कशी चढली असेल देव जाणे. पदर खोचलेला, केस भिजून कपाळाला चिकटलेले, एकेक चानी सोडवून ओच्यात टाकत होती. कुणी तिला हाक मारली नव्हती. जिन्याकडच्या खिडकीतून तिला खाली जाणाऱ्या बायका दिसल्या होत्या, त्यांच्या हातातलं दिसलं होतं, आणि काय नव्हतं तेही दिसलं होतं.

ती माझ्या मागं बघत होती. माझ्या पाठोपाठ सुलभावहिनी आणि अजून दोघी परत वर येऊन दारात थांबल्या होत्या. मग माझ्या मायनं आवाज लावला. बांधावरचा आवाज.

"ओ बाई! समद्यांचं उचललं, आन् ह्याला काय काटं होतं? चान्या हायत, हाव, चान्याच हायत! माझ्या हातच्या हायत! माझी लेक तुमच्या सासूला सुई टोचती तवा तिचा हात चालतो, आन् तिच्या दोरीला हात लावायला तुमचे हात झडले?"

पाऊस जोरात होता, पण तिचं एकेक अक्षर तळमजल्यापर्यंत गेलं असणार. दारातल्या तिघींपैकी कुणी हललं नाही. मी रडले, खोटं कशाला सांगू. रडतच चान्या सोडवायला लागले. मायनं माझ्या हातावर चापट मारली, "रडाया काय झालं? जल्दी कर, मीठ धुऊन चाललंय."

चान्या आम्ही हॉलमध्ये पंख्याखाली ताटांवर पसरल्या, पुसून पुन्हा मीठ लावलं. दत्तानं बेडरूममधला टेबलफॅन आणून लावला. एकही वाया गेली नाही.

सकाळी गच्चीच्या दाराला कुलूप होतं. चेअरमन काकांचं काम. मी भांडायला जायच्या तयारीत होते, पण माझ्या आधी सुलभावहिनी पोचल्या. त्यांच्या कुरडया अर्ध्या ओल्या होत्या, आणि ऊन कडक पडलं होतं. "कुलूप काढा आधी, माझ्या कुरडया आंबतील," एवढंच त्यांनी काकांना सुनावलं. कुलूप निघालं. गच्ची कुरडयांसाठी उघडली म्हणजे ती सगळ्यांसाठीच उघडली, हे काकांच्या लक्षात आलं तेव्हा माझी दोरी पुन्हा भरून झाली होती.

संध्याकाळी वहिनी घरी आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, माझ्याच्यानं हात लागला न्हाई. आता खोटं कशाला बोलू."

मी म्हटलं, "नका लावू. हात लावा असं कुठं म्हणतेय मी? पण उतरताना दारावर एक थाप तर मारायची होती. माय घरातच होती."

मी चहा केला, त्यांनी घेतला. इतकंच झालं. यातून कुणी काही फार मोठं समजू नये. काही जणी अजून जिन्यात माझ्याकडं बघत नाहीत. इंजेक्शन द्यायचं असलं की बघतात.

आता माय रोज सकाळी जिना चढते, एकेका पायरीवर थांबत, कठडा धरून. प्लास्टिकची खुर्ची टाकून टाकीच्या सावलीत काठी घेऊन बसते आणि कावळे हाकलते. आमच्या दोरीवरचे, आणि कुरडयांवरचेसुद्धा. मी एकदा चिडून म्हटलं, त्यांचं कशाला राखतेस? त्यांनी आपलं राखलं का? ती म्हणाली, "कावळ्याला काय कळतंय कुनाचं काय? म्या बसलेच हाय तर हाकलते." माझं मन एवढं मोठं नाही. मी अजून रागावलेलीच आहे आणि तो राग मला सोडायचाही नाही.

विलासला मी दोरीचा फोटो पाठवला. तो म्हणाला, ताई, आपल्या घरच्यासारखं वाटतंय बघून. मी विचार करत बसले, आपलं घर म्हणजे कोणतं? कंधारकडचं घर आता बंद आहे, वाड्यातली निम्मी कुलपं गंजलीत. तुमच्यातल्या कित्येकांना वाटतं की खरं घर तिकडं राहिलं आणि आपण इकडं पाहुण्यासारखं, कुणाला खुपणार नाही असं, राहायचं. मी अशी पुष्कळ वर्षं राहिले. आता नाही राहणार. जिथं माझ्या मायला आवाज खाली करावा लागत नाही ते माझं घर, आणि ते तसं झालं नाही तर मी ते तसं करून घेईन, भांडून.

काल ड्युटीवरून आले तर पार्किंगमध्येच तिचा आवाज ऐकू आला. चौथ्या माळ्याएवढ्या उंचीवरून ती खाली ओरडत होती, "ओ सुलभाबाई! तुमच्या कुरडया पलटायच्या हायत का न्हाई? एका अंगानं करपून चालल्यात!" चेअरमन काकांची खिडकी धाडकन बंद झाली. सुलभावहिनी दारासमोरच्या ओट्यावरून ओरडल्या, "आले, आले!" मी हेल्मेट हातात घेऊन तिथंच उभी राहिले.

गावाला कधी सोडतेस, असं तिनं अलीकडं विचारलेलं नाही. मीही विषय काढत नाही.